गाडीत भारी वाटणारा ट्रान्स अल्बम फार्महाऊसवर का पडला?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. निपाणीकडच्या एका फार्महाऊसवर कॉलेजच्या जुन्या मित्रांचा मेळावा होता, बायकापोरं धरून साठेक माणसं. दोन सीडींचा, सलग मिक्स केलेला प्रोग्रेसिव्ह ट्रान्सचा (सरळ ठेक्याचं, हळूहळू उलगडणारं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) कंपायलेशन अल्बम, म्हणजे निवडक ट्रॅकचा संग्रह, तुम्ही रात्री साडेआठला लॅपटॉपवरून पहिल्या ट्रॅकपासून लावला. चोर्ला घाटात गाडी चालवताना ज्याने अंगावर काटा येतो, तोच हा अल्बम. वीस मिनिटांत निम्मे लोक खुर्च्यांवर जाऊन बसले आणि शेवटी कुणीतरी म्हणालं, "काहीतरी नाचायचं लावा की ओ!" आता जानेवारीत पुन्हा मेळावा आहे आणि तुम्ही तीन गोष्टी विचारताय: अल्बमच नाचण्यालायक नाही का, आपल्याकडच्या लोकांना ट्रान्स कळत नाही का, आणि दुसरा कुठला अल्बम घेऊ?

बेळगावात मी बरीच वर्षं साउंड लावतोय आणि डीजेही करतोय. लग्नं, कॉलेजची गॅदरिंग, जांबोटी रोडची फार्महाऊसं, अधूनमधून घाट उतरून गोव्यातही. त्या जोरावर सांगतो की अल्बमवर संशय घ्यायची गरज नाही आणि लोकांवर तर मुळीच नाही. अडचण अशी आहे की या संगीतात ऐकणाऱ्याला ज्या जागा सगळ्यात जास्त आवडतात, नेमक्या त्याच जागांवर नाचणाऱ्याचे पाय थांबतात. हे समजलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

पण काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. तुमच्या अल्बमचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, आणि 'प्रोग्रेसिव्ह ट्रान्स' या लेबलखाली हल्ली काहीही विकलं जातं. साधारण १२८ ते १३८ बीपीएमच्या (मिनिटाला पडणारे ठोके) दरम्यानचं, सुरावटीचं, हळूहळू उलगडत जाणारं असेल तर मी लिहितोय ते लागू पडेल. गोव्याच्या किनाऱ्यावरचं १४० च्या वरचं सायट्रान्स असेल तर तो निराळा प्रकार आणि त्याचा श्रोताही निराळा. आपल्याकडे वागातोर-हणजुण्याला दोनदा जाऊन आलेला प्रत्येक जण ट्रान्स म्हणजे तेच समजतो, त्यामुळे हा घोळ नेहमीचा. शिवाय माणसांचं वय काय, जेवण कधी, दारू आहे की नाही, यजमान कोण, यावरही अवलंबून. हळदीच्या कार्यक्रमाला मात्र ट्रान्स लावूच नका. तिथे काही अवलंबून वगैरे नाही.

आता ट्रॅक आतून कसा असतो ते बघू. १३२ बीपीएमचा, सात-आठ मिनिटांचा एक ट्रॅक धरा. सुरुवातीला नुसती किक (ड्रमचा खालचा जड ठोका) आणि हॅट (झांजेसारखी टिकटिक), मग किकच्या मधल्या फटींत बेस येतो. चार ठोक्यांचा एक बार, आणि साधारण दर आठ बारांनी, म्हणजे साडेचौदा सेकंदांनी, एखादा थर येतो किंवा जातो. तीन-साडेतीन मिनिटं हे चालल्यावर किक गायब होते. मागे राहतात लांब सूर, मग मुख्य धून, कधी बाईचा आवाज. हा ब्रेकडाउन ३२ ते ४८ बारांचा, म्हणजे जवळजवळ एक ते दीड मिनिट. त्यानंतर ताण चढत जातो आणि किक परत येते.

गाडीत तुम्ही या ब्रेकडाउनच्या प्रेमात पडलात. सगळेच पडतात. तुम्ही सीटवर बसलेले असता, हात स्टिअरिंगवर, समोर धुकं. पायांना काही कामच नसतं. फ्लोअरवर मात्र किक गेली की पायाखालचा आधार जातो. रात्रभर चालणाऱ्या क्लबमध्ये लोक आधीच दोन तास नाचलेले असतात, त्यांना तो दीड मिनिट दम खायला हवाच असतो. हात वर करतात, डोळे मिटतात आणि किक परतली की उसळतात. तुमच्याकडची माणसं जेमतेम चार मिनिटं नाचली होती. त्यांना कसला दम खायचाय? ती एकमेकांकडे बघायला लागली, एकाने मोबाइल काढला, दुसरा स्टार्टर बघायला गेला. जो गेला तो परत येत नाही, हे पार्टी करणाऱ्या कुणालाही विचारा.

म्हणून कंपायलेशन हातात आलं की मी धून ऐकतच नाही. म्हणजे ऐकतो, पण तिच्यावरून ठरवत नाही. जिथे 'काहीच घडत नाही' असं वाटतं ती मधली सपाट मिनिटं ऐकतो, कारण फ्लोअर उभा राहतो तो त्यांच्यावर. चांगल्या ट्रॅकमध्ये तिथे बरंच घडत असतं, फक्त ओरडून घडत नाही. उघडी हॅट दोन किकच्या बरोब्बर मध्ये येते आणि वेग तोच असून चाल हलकी होते. बेसचा एक स्वर खाली उतरतो. फिल्टर (आवाजाचे वरचे सूर झाकणारी गाळणी) इतका हळू उघडतो की तुम्हाला कळतं तेव्हा तो पूर्ण उघडलेला असतो. कुठेतरी टाळी सुरू होते, सोळा बारांनंतर निघून जाते आणि ती गेल्यावरच जाणवतं की ती होती. शरीर हे डोक्याच्या आधी टिपतं. कमकुवत ट्रॅकमध्ये तोच लूप दोन मिनिटं फिरतो आणि सगळी भिस्त पुढच्या धुनेवर असते. असा ट्रॅक हेडफोनवर तुम्हाला फसवू शकतो, कारण धून खरंच गोड असते.

हे ओळखायची माझी पद्धत अगदी साधी आहे. ट्रॅक एका खोलीत लावा, दार ओढून घ्या आणि शेजारच्या खोलीत भांडी घासा नाहीतर कपड्यांच्या घड्या घाला. भिंतीतून धून जवळजवळ येतच नाही, येतो तो बेस आणि ठेका. एवढ्यावर हाताचं काम लयीत पडायला लागलं तर तो ट्रॅक फ्लोअरचा. तुमच्या दोन सीडींवर चोवीसेक ट्रॅक असतील. त्यातले सहा-सात यात टिकले तर अल्बम उत्तम समजा. उरलेले वाईट नाहीत, ते घाटासाठी ठेवा.

'आपल्या लोकांना कळत नाही' हे मला अजिबात पटत नाही. भजन घ्या. टाळ-मृदंग संथ सुरू होतात, एकच ओळ पुन्हा पुन्हा फिरते, लय तसूतसूने चढते आणि गजराला पोचेपर्यंत मंडपातला म्हातारा माणूसही उभा राहून डोलत असतो. एकाच गोष्टीच्या पुनरावृत्तीत रंगायला आपल्याला कुणी शिकवायला नको. फरक एवढाच की भजनाला वेळ दिलेला असतो आणि मध्येच कुणी मृदंग बंद करत नाही.

सवयीचा भाग मात्र आहे. बेळगावच्या शिवजयंतीच्या किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बीसमोर नाचून मोठी झालेली पोरं आहेत ही. तिथे गाणं ओळखीचं असतं, पहिल्या दहा सेकंदांत मुखडा येतो, दोन-तीन मिनिटांत गाणं बदलतं. ते ऐकून तयार झालेलं शरीर मुखड्याची वाट बघतं. प्रोग्रेसिव्ह ट्रान्समध्ये मुखडा चौथ्या मिनिटाला येतो, म्हणजे त्यांच्या हिशेबाने दोन गाणी संपल्यावर. तेव्हा ही माणसं ट्रान्सपर्यंत हाताला धरून न्यावी लागतात, एकदम सोडून चालत नाही. कसं न्यायचं ते खाली लिहितो.

याची दुसरी बाजू आपल्या भागात फार उपयोगी पडते. साठ माणसांत मराठी, कन्नड, कोकणी, हिंदी सगळं असतं, आणि दहाव्या गाण्यानंतर 'आमचं एक लाव की' सुरू होतं. एकाचं लावलं की दुसरा रुसतो. कधी कधी ते रुसण्यावर थांबत नाही, हे बेळगावकरांना सांगायला नको. बिनशब्दांच्या संगीताला ही कटकट नाही. मी स्वतः ट्रान्स सेटमध्ये ठेवतो त्याची निम्मी कारणं संगीताची आहेत आणि निम्मी ही.

आता तुमचा अल्बम 'पहिल्या ट्रॅकपासून' लावण्याबद्दल. या मिक्स कंपायलेशनचा जन्म कशासाठी झाला ते लक्षात घ्या. १९९४ मध्ये इंग्लंडच्या रेनेसान्स क्लबच्या नावाने साशा आणि जॉन डिगवीड यांचा तीन सीडींचा मिक्स आला, १९९६ मध्ये त्याच दोघांचा 'नॉर्दर्न एक्सपोजर' आला, आणि एका डीजेने बांधलेल्या सलग प्रवासाचा हा साचा रुळला. (पुढे २००० साली लंडनमध्ये निघालेल्या अंजुनाबीट्स या लेबलने नाव घेतलं ते घाटाखालच्या आपल्या हणजुण्याचं, हे जाता जाता.) क्लबमधली सहा-आठ तासांची रात्र ७४ ते ८० मिनिटांच्या चकतीत बसवून घरी न्यायची, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी डीजे ट्रॅक कापतो, सुरुवातीची मिनिटभराची नुसती ढोलकी गाळतो आणि सुरावटीच्या जागा एकमेकींजवळ आणतो. घरी बसून ऐकणाऱ्याला तेच हवं असतं. म्हणजे ज्या सपाट मिनिटांवर फ्लोअर उभा राहतो, तीच मिनिटं अल्बममध्ये कमी केलेली असतात. रात्र आटवून अल्बम झाला. फ्लोअरवर नेताना तो पुन्हा पातळ करावा लागतो, आणि त्यासाठी त्याच ट्रॅकच्या पूर्ण लांबीच्या, मिक्स न केलेल्या आवृत्त्या लागतात.

क्रमाचंही तसंच. पहिल्या सीडीची पहिली दहा-पंधरा मिनिटं बहुतेक वेळा जवळजवळ बिनठेक्याची आणि संथ असतात, शिखर येतं तासाभराने. तुम्ही साडेआठला सुरू केलंत. शिखर साडेनऊला, म्हणजे बहुतेक माणसं ताट घेऊन रांगेत होती तेव्हा. आणि दुसऱ्या सीडीला वेळच नव्हता, कारण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहाला आतल्या आत सवलत असते, उघड्या शेतावरच्या लॉनला नाही.

दोन तांत्रिक गोष्टी, कारण माझा संशय आहे की यांनीही घात केला असावा.

एक म्हणजे लॅपटॉपवरच्या प्लेअरमध्ये 'क्रॉसफेड' चालू होतं का ते बघा. चालू असेल तर तो प्लेअर प्रत्येक ट्रॅकच्या शेवटची पाच-दहा सेकंदं पुढच्या ट्रॅकवर चढवतो. सुट्या गाण्यांना ठीक आहे, पण सलग मिक्समध्ये डीजेने आधीच जुळवलेले ठेके त्यामुळे एकमेकांवर आपटतात आणि किक घोड्याच्या टापांसारखी वाजते. नाचणाऱ्याला काय बिघडलं ते सांगता येत नाही, पाय मात्र चुकतो. क्रॉसफेड बंद असेल आणि फाइली एमपीथ्री असतील तर उलटा त्रास होऊ शकतो: दोन ट्रॅकच्या मध्ये निमिषभर शांतता. एमपीथ्री बनवताना फाइलच्या टोकांना थोडी रिकामी जागा पडते. 'गॅपलेस' सोय नसलेला प्लेअर तीही वाजवून दाखवतो. सलग मिक्स वाजवायचाच असेल तर पूर्ण सीडीची एकच फाइल करून वाजवा.

दुसरं, बेस. तुम्ही 'दोन मोठे स्पीकर' लिहिलंय, सबवूफरचा उल्लेख नाही. नुसते १२ किंवा १५ इंची टॉप (खालचा बेस न पेलणारे नेहमीचे उभे स्पीकर) असतील तर निम्मं उत्तर इथेच आहे. या संगीतातला बेस बऱ्याचदा ४० ते ५५ हर्ट्झमध्ये असतो: पाश्चात्त्य स्वरांत ई ४१ च्या आसपास, एफ साधारण ४४, ए ५५. टॉपचा दम त्याच्या वरच संपत येतो. हिंदी गाण्याचं तेवढं बिघडत नाही, आवाज आणि ढोलकी वरच्या पट्टीत असतात. ट्रान्समधून मात्र तळच निघून जातो आणि उरते नुसती टिकटिक. साठ माणसांना १८ इंची दोन बेस (सबवूफर) पुरतात, पण ते दोन कोपऱ्यांत ठेवू नका. उघड्यावर भिंती नसतात, बेस पसरून जातो. दोन्ही खोकी जमिनीवर, मधोमध, एकमेकांना चिकटवून ठेवा. जोर बराच वाढतो. मंगल कार्यालयात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उलट काळजी लागते. १३२ बीपीएमला बेसच्या दोन बारीक ठोक्यांत जेमतेम ११४ मिलिसेकंद असतात. पत्रा आणि फरशी आवाज सेकंदभर घोळवत ठेवत असतील तर तो बेस चिखल होतो. अशा जागी कमी स्वरांचा, मोकळा बेस असलेले ट्रॅक निवडा आणि आवाज थोडा खालीच ठेवा. साउंडवाला मिरवणुकीच्या सवयीचा असेल तर तो वरचा बेस फुगवून ठेवेल, म्हणजे छातीवर धपधप. त्याला गोडीत सांगा, "मामा, आज मिरवणूक नाही."

जानेवारीचं मी असं करीन. साडेसहाला अंधार पडायला लागतो, तेव्हाच आवाज सुरू. जेवण एकतर आठला उरका नाहीतर आवाज बंद झाल्यावर, दहाला ठेवा; मला दुसरं जास्त आवडतं, फक्त तोवर पोरांना आणि मोठ्यांना काहीतरी खायला हवं. पहिला तास ओळखीची गाणी, सगळ्या भाषांची, कुणाला उपाशी ठेवू नका. साडेसातच्या पुढे १२० ते १२४ बीपीएमचे, शब्द असलेले रीमिक्स. याच पुलावरून माणसं पलीकडे जातात: शब्द अजून ओळखीचे, पण ठेका सरळ झालेला. पाऊण तासाने शब्द कमी करत जा आणि मग तुमच्या निवडलेल्या सहा-सातांपैकी सगळ्यात साधा, सगळ्यात छोट्या ब्रेकडाउनचा ट्रॅक. गोड धुनेचा लगेच काढू नका, हात शिवशिवतील तरी.

ब्रेकडाउन पहिल्या अर्ध्या तासात पूर्ण वाजवू नका. डीजे सॉफ्टवेअर असेल तर ब्रेकडाउनच्या सुरुवातीला आणि किक परतण्याच्या सोळा बार आधी अशा दोन खुणा करून ठेवा आणि पहिलीवरून थेट दुसरीवर उडी मारा. दीड मिनिटाचा ब्रेकडाउन अर्ध्या मिनिटाचा होतो आणि कुणाला कळतही नाही. किंवा पुढच्या ट्रॅकची नुसती किक-हॅट खालून चालू ठेवा, म्हणजे सूर वर तरंगतात आणि पाय चालू राहतात. फ्लोअर घामाला आला, लोक आपणहून हात वर करायला लागले, की मग एक पूर्ण ब्रेकडाउन द्या. एकच. तो रात्रीत एकदा आला तर लक्षात राहतो.

वेग ताणायचा मोह आवरा. १३२ चा ट्रॅक १४० ला नेला तर तो सहा टक्के वाढतो आणि सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. की-लॉक लावला तर सूर जागेवर राहतो, पण किकची धार थोडी बोथट होते. दोन-तीन टक्क्यांत जुळतील असेच ट्रॅक शेजारी ठेवा. सॉफ्टवेअर प्रत्येक ट्रॅकपुढे त्याच्या सुरांच्या पट्टीची ८ए, ९ए अशी खूण दाखवतं. शेजारचे आकडे एकमेकांत सुखाने मिसळतात. याचा फार बाऊ करू नका, ठेका जुळला नाही तर सूर जुळून उपयोग नाही.

आणि ट्यूबलाइट बंद करा, कृपा करून. ट्यूबलाइटच्या उजेडात मामा-काकू समोर खुर्च्यांवर बसलेल्या असताना नाचायला फक्त लहान पोरं उठतात. पूर्ण लॉन मोकळं सोडू नका, साठ माणसांना वीस बाय वीस फूट पुष्कळ झालं. चार वेळू रोवून दिव्यांची माळ फिरवली तरी फ्लोअर तयार होतो. खुर्च्या त्याच्या कडेपासून लांब, स्पीकरच्या तोंडासमोर एकही नको.

राहिला तिसरा प्रश्न, दुसरा कुठला अल्बम. कुठलाच नाही. आहे त्यातले ते सहा-सात ट्रॅक शोधा, त्यांच्या पूर्ण लांबीच्या आवृत्त्या सुट्या विकत घ्या, शक्यतो वेव्ह किंवा फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइली), निदान ३२० केबीपीएसचा एमपीथ्री. व्हिडिओवरून उतरवलेली फाइल गाडीत चालून जाते, १८ इंची बेसवर तिची लाज निघते. अल्बमचा अगदी शेवटचा ट्रॅक तेवढा अल्बममधलाच ठेवा. तो बहुधा उतरता, शांत असतो, पावणेदहाला बरोबर बसेल. त्यानंतर "अजून एक, अजून एक" होणार, ते ऐकू नका. पोलीस येतात ते यजमानाकडे येतात, डीजेकडे नाही, आणि यजमान तुम्ही आहात.